पेपर बघायचाय

निबंधात लेकीचे दोन गुण कापले होते. कारण कळेना, म्हणून शिवणकाम करणारी तिची आई थेट मुख्याध्यापकांसमोर जाऊन बसली.

"सर, तिचा पेपर बघायचाय."

"गुण कळवलेत ना, बाई? आता पेपर कशाला?"

"मी शिवलेलं झबलं गिऱ्हाइकाला उलटं करूनही दाखवते. तुम्ही नुसती वरची इस्त्री दाखवताय."

"अहो, आजवर कुणी मागितला नाही हो!"

"तुमच्या पाठीमागच्या फलकावरच लिहिलंय, पालकांना पेपर बघायचा हक्क आहे म्हणून. बसते मी. मला घाई नाही."

मधली सुट्टी झाली, शाळा सुटायची वेळ आली, तरी ती बसूनच. शेवटी सरांनी हात जोडले आणि पेपर मागवला.

निबंध होता 'माझी आई'. सरच मोठ्याने वाचू लागले, "आईने एखादी गोष्ट बघायची ठरवली, की समोरचा हात जोडेपर्यंत ती जागची हलत नाही."

शेजारी वर्गशिक्षिकेचा लाल शेरा होता, 'अतिशयोक्ती. दोन गुण कमी.'

सरांनी शेरा खोडला, दोन्ही गुण परत दिले आणि खाली लिहिलं, 'मी स्वतः पाहिलं आहे.'