दचकण्याची चाचणी

जुई हात पसरून गच्चीच्या कठड्यावर चालत होती आणि चार पावलांवर बसलेला तिचा बाप दिगंबर शांतपणे पेरू चिरत होता.

हेमलता धावली. लेकीला कमरेला धरून तिने खाली ओढलं. तीन मजल्यांखाली फरशीचं अंगण होतं.

"अहो, पडली असती ना ही!"

"हो, पडली असती," तो म्हणाला. "मला दिसत होतं."

दिगंबर कालच पवनचक्कीच्या कामावरून सुटून घरी आला होता. पवनचक्कीवर चढणाऱ्यांना कंपनी रोज सकाळी इंजेक्शन द्यायची. त्यामुळे शरीर टायरोसिन या अन्नघटकापासून भीती जागवणारं अ‍ॅड्रेनलिन बनवायचंच नाही. शंभर मीटर उंचीवरही भीती वाटायची नाही. औषध उतरायला तीन दिवस लागत आणि तोवर घरी सोडत नसत. फाटकावरचा रखवालदार पाठीमागे कागदी पिशवी फोडायचा. जो दचकेल, तोच सुटायचा.

"तुमच्यामागं पिशवी फोडली नाही का?"

"फोडली की. मी दचकल्यासारखं केलं. सगळेच करतात गं. हिचा वाढदिवस चुकला असता."

"आई, परत चढू?" जुईने विचारलं. "बाबा ओरडतच नाहीत!"

हेमलताने तिला उचलून गच्चीलगतच्या खोलीत नेलं आणि आतून कडी घातली. दिगंबर दाराशी आला. तो रागावला नाही.

"बरं केलंस," बाहेरून त्याचा आवाज आला. "परवा उघड. तोवर मी गोड बोललो तरी उघडू नकोस. आत्ता मला तुम्हा दोघींची जराही काळजी वाटत नाहीये."