खलातली पूड

दातकरने आठवड्याच्या गोळ्या खलात टाकल्या, दार आतून लावलंय ना ते पुन्हा एकदा पाहिलं आणि घोटायला सुरुवात केली. तीस वर्षं त्याने लोकांच्या कवळ्या बनवल्या होत्या, म्हणून तर सगळे त्याला दातकर म्हणत. पूड कशी घोटायची हे त्याला कुणी शिकवायला नको होतं.

बायको आंघोळीला गेली की तो स्वयंपाकघरात जायचा आणि ती पूड तिच्या बरणीत मिसळून टाकायचा. बरणीत जडीबुटीवाल्याची औषधी पूड होती. वासाचं तर विचारूच नका. त्यात उंदीर मेला असता तरी कळलं नसतं, गोळ्यांचं काय घेऊन बसलात!

गोळ्या बायकोच्याच होत्या, पण तिने त्या बंद केल्या होत्या.

"हात थरथरतात, तोंडाला कोरड पडते, दिवसभर झोप येते. मी माणूस आहे की पोतं?" असं म्हणून तिने चार पाहुण्यांसमोर जाहीर केलं होतं, की आता मरेपर्यंत झाडपालाच.

मागे एकदा तिने अशाच गोळ्या सोडल्या, तेव्हा ती चार दिवस बेपत्ता होती. सापडली तेव्हा बसस्टँडवर अनवाणी उभी राहून कुणाशी तरी कडाकडा भांडत होती. समोर कुणीच नव्हतं. इस्पितळात तिला पलंगाला बांधून ठेवलं. घरी आल्यावर तिने त्याचा हात घट्ट धरला आणि पुन्हा तिथे टाकणार नाही असं त्याच्याकडून वचन घेतलं.

वचन तर दिलं होतं. गोळ्या ती घेणार नव्हती. मग दातकरने जुन्या चिठ्ठीवर गोळ्या आणल्या आणि खल काढला.

घराच्या पुढच्या खोलीत त्याचं काम चालायचं. रोज सकाळी मेण तापवता तापवता तो कान देऊन ऐकायचा. आधी बरणीचं झाकण, मग कपातल्या चमच्याची किणकिण. ती ऐकली की त्याचा जीव भांड्यात पडायचा. थोड्या वेळाने बायको त्याचा चहा घेऊन यायची.

महिन्याभरात तिच्यात फरक पडला. रात्रीची झोप लागू लागली, भिंतीशी बोलणं थांबलं. महिन्याच्या पहिल्या गुरुवारी ती एकटीच बाजारात जायची आणि दोन तासांनी कोथिंबिरीची एक जुडी घेऊन परतायची.

"पेरून आणलीस की काय?" तो चिडवायचा.

ती हसायची. तिला हसताना पाहून त्याला भरून यायचं. आणि मुख्य म्हणजे तिचे हात! सुईत दोरा एका झटक्यात ओवायची. गोळ्या त्याच, पण थरथर गायब. म्हणजे थरथर गोळीत नव्हतीच, बाईच्या डोक्यात होती. दातकर एकटाच खुदखुदला. सापही मेला होता आणि काठीही शाबूत होती.

"गुण आला म्हणायचा पुडीला," तो साळसूदपणे म्हणाला.

"येणारच." तिने नजर खाली वळवली. "चहा गार होतोय, आधी तो प्या."

"हल्ली फार कडक करतेस बुवा."

"कडकच बरा. तरतरी येते."

तरतरीची त्याला गरजच होती. वय आपलं काम करत होतं. दुपार झाली की डोळे मिटायला लागत, तोंडाला चव म्हणून राहिली नव्हती. मेण कापताना चाकू निसटून अंगठ्यात घुसला. मास्तरांची कवळी तिसऱ्यांदा परत आली.

"अहो दातकर, मी तोंड उघडलं की वरचे दात खालच्यांना टाळी देतात!" मास्तर म्हणाले.

दातकरने दुपारचाही चहा सुरू केला. बायको हौसेने करून द्यायची.

एकदा दूध उतू गेलं म्हणून ती ताडकन बोलली. तेवढ्यानेच दातकरचं धाबं दणाणलं. त्या आठवड्यापासून त्याने खलातल्या गोळ्या दीडपट केल्या.

पुढे हात इतके थरथरू लागले की त्याला शर्टाची बटणंही लावता येईनात. मोठ्या डॉक्टरने त्याला रेषेवरून चालवून पाहिलं, बोटं उघडमीट करायला लावली.

"कसल्या गोळ्या चालू आहेत?"

"उभ्या जन्मात एक गोळी घेतलेली नाही," दातकर ऐटीत म्हणाला.

"मग हा कंपवात. वाढत जाणार. बारीक काम सोडून द्या."

त्याने हत्यारं एका ओळखीच्या कारागिराला देऊन टाकली. खल तेवढा ठेवला. हात गेले तर जाऊ देत, ती घरात आहे, शहाण्यासारखी आहे. एवढ्यासाठी कुणी हात मागितले असते तरी त्याने ते खुशीने दिले असते. तरीही रिकामं टेबल पाहून त्याला रडू फुटलं.

बायकोने चहाचा कप त्याच्या दोन्ही हातांत दिला आणि शेजारी बसली.

"एक सांगू? रागावणार नाही ना?"

"सांग की."

"ती पूड मी एकच दिवस घेतली. दुसऱ्या दिवशी माझी मलाच भीती वाटली. गुपचूप दवाखान्यात गेले. डॉक्टरांनी गोळ्याच बदलून दिल्या. या नव्या गोळ्यांनी हात थरथरत नाहीत. गुरुवारी त्याच आणायला जाते. एवढा तोरा मिरवला होता, कुठल्या तोंडाने सांगणार?"

घोट घेता घेता दातकर थांबला.

"पण बरणी... बरणी तर रिकामी होत होती."

"टाकून कशाला द्यायची? माझ्या काळजीने तुम्ही झुरत होतात. मन शांत होतं म्हणे त्याने." तिने त्याचा हिंदकळणारा कप सावरला आणि मायेने त्याच्या ओठांना लावला. "एका चमच्याने काही होत नाहीये तुम्हाला. आजपासून दोन घातलेत."