तावदानातली रंगपंचमी

रंगपंचमीला चौकातली रहाड उघडली की सुलभाताईंचा पाय खिडकीपासून निघत नसे. तो दगडी हौद वर्षभर बुजवलेला असायचा. आज मात्र केशरी रंगाने काठोकाठ भरला होता आणि अख्खं जुनं नाशिक त्यात धपाधप उड्या मारत होतं. ताईंनी कधी उडी मारली नव्हती. लोक काय म्हणतील!

"लाकूड फुगलंय, खिडकी नीट लागत नाही. ॲल्युमिनियमची सरकती बसवून टाकू," हे नवऱ्याचं, मुकुंदरावांचं टुमणं सत्त्याण्णवच्या दिवाळीपासून चालू होतं. ताई बधत नव्हत्या.

रंग आत उडू नये म्हणून त्यांनी खिडकी लोटली. जुन्या काचेतून पाहतात तर हौदाच्या काठावर त्यांचीच साडी, त्यांचाच अंबाडा, त्या स्वतःच! घाईने खिडकी उघडली, तर काठावर तशी कोणीच नाही. पुन्हा लोटली. काचेतल्या ताईंनी पदर खोचला, वर बघून खुदकन हसल्या आणि दिली उडी झोकून!

सुलभाताईंना इतकं हसू आलं की डोळ्यांत पाणी आलं. तेवढ्यात खाली दार वाजलं.

"अगं वेडे, मारलीस शेवटी उडी!" मुकुंदरावांच्या आवाजात आनंद मावत नव्हता. "नखशिखांत केशरी झालीस की! थांब, टॉवेल देतो. आणि वरच्या खिडकीचं काय करायचं, सांग बघू?"

"टाका बदलून," खालून सुलभाताईंचाच आवाज आला. "आता तिथे कोण बसणार आहे?"