शुक्रवारचा ठराव

“आजच्या भाषणात ‘उपसमिती’ हा शब्द आला, तर हा कोट मी जाळून टाकीन,” रेजिना म्हणाली आणि तिने गरम इस्त्री बाहीवर दाबली.

आलोशियस हसला. “हळू बोल. ब्रिजिट नाइट ड्यूटी करून आत्ताच झोपलीय.”

“हळूच बोलतेय. दोन वर्षं हळूच बोलतेय.”

हूरा भागातल्या त्या फ्लॅटमध्ये शुक्रवारी सकाळी हा वाद ठरलेला. आलोशियस बहारीनमधल्या वसईकर ख्रिस्ती मंडळाचा अध्यक्ष होता. चौऱ्याण्णव साली निवडून आला तेव्हा त्याने भर सभेत वचन दिलं होतं, की सभासदांच्या घरी कामाला असलेल्या बायकांना शुक्रवारची सुट्टी मिळेल आणि त्यांचे पासपोर्ट त्यांच्याच हातात राहतील. टाळ्या कडाडल्या, आणि ठराव कुठल्याशा फायलीत जाऊन निजला. आधी म्हणे ईस्टर जवळ आला, मग उन्हाळ्यात सगळे गावी गेले, मग पुन्हा निवडणूक. माणूस वाईट नव्हता. पण चांगलं काम पुढच्या महिन्यावर ढकलण्यात त्याचा हात धरणारा कोणी नव्हता.

“सध्या इथे मोर्चे, जाळपोळ चाललीय, वातावरण नाजूक आहे,” तो म्हणाला. “अशा वेळी नवं काही काढायचं म्हणजे...”

“वातावरण नाजूक म्हणून तुस्कानोंच्या घरची पोर दीड वर्ष मिस्साला गेली नाही? लोपीसांकडची आजारी पडली, तर तिला फोनही करू देत नाहीत. तेही वातावरणामुळेच का?”

“तू तरी कुठे जातेस मिस्साला?” त्याच्या तोंडून निघून गेलं.

रेजिनाने इस्त्री उभी करून ठेवली. आखातातला शुक्रवार म्हणजे चर्चचा रविवार. मिस्सा आटोपला की निम्मी वसई अध्यक्षांकडे जेवायला यायची. एवढ्यांचं रांधता रांधता रेजिनाचा मिस्सा चुकायचा तो चुकायचाच. हे दोघांनाही ठाऊक होतं, म्हणून आलोशियसने चहाच्या कपात तोंड खुपसलं. तिने आपला चहा स्वयंपाकघराच्या दारात उभ्यानेच संपवला.

“गावच्या शाळेत तुम्ही मॉनिटर होतात,” ती म्हणाली. “मास्तरांनी विचारलं, काच कोणी फोडली? तुम्ही म्हणालात, उद्या सांगतो. तो उद्या अजून उजाडायचाय, अध्यक्षसाहेब.”

त्याला पुन्हा हसू आलं. तिचं तोंड लहानपणापासूनच असं फटकळ होतं, आणि चारचौघांत ते उघडत नाही तोवर त्याला त्याची मजाच वाटे.

“अगं, लोकांचीही बाजू असते. पासपोर्ट हातात दिला आणि बाई निघून गेली, तर? व्हिसा ज्याच्या नावावर, त्यानेच निस्तरायचं.”

“माझा कुठे आहे?”

“कपाटात. सगळ्यांचेच तिथे आहेत.” त्याने नकळत खिशातली किल्ली चाचपली. “तुला काय करायचाय? तुला कुठे जायचंय?”

“जायचं होतं. मे महिन्यात. ब्लेझच्या फर्स्ट कम्युनियनला.”

आलोशियसने किल्लीवरचा हात काढला. ब्लेझ, तिचा लेक, वसईला आजीकडे राहून शिकत होता. पांढऱ्या सुटातला त्याचा फोटो स्वयंपाकघरात मसाल्याच्या डब्यांवर चिकटवलेला होता. कम्युनियनच्या त्या दिवशी इथे पंधरा पाहुणे होते.

“त्याच्या फीला मी कधी नाही म्हटलंय का?” तो म्हणाला.

“कधीच नाही. म्हणून तर आजवर घरातल्या घरात बोलले.” तिने कोट त्याच्यापुढे धरला. “आज ठराव मताला टाका. नाही टाकलात, तर यापुढे या घरातली चूल मी पेटवणार नाही. खलास.”

“आणि जाशील कुठे?” कोटात हात घालत त्याने चेष्टेने विचारलं.

“ते माझं मी बघीन.”

तो आंघोळीहून आल्यासारखा ताजातवाना बाहेर पडला. रेजिनाने इस्त्रीची वायर गुंडाळून ठेवली. बोलून तर गेले, आता मागे फिरायचं नाही, असं तिने स्वतःला बजावलं, आणि फुग्यांचं, तळून काढायच्या गोल पावांचं, पीठ मळायला घेतलं.

संध्याकाळी हॉल भरला. मागच्या टेबलावर इंद्यालच्या झणझणीत रश्श्याची पातेली आणि फुग्यांची टोपली होती, आणि त्यांच्यामागे रेजिना. झोप पूर्ण करून ब्रिजिट नव्या ड्रेसमध्ये पहिल्या रांगेत बसली होती.

आलोशियस छान बोलला. समाजाचं ऋण, येशूची शिकवण, आपल्या घरी राबणाऱ्या भगिनी. दोघीतिघींनी डोळे पुसले. शेवटी तो म्हणाला, “हा प्रश्न आम्ही गांभीर्याने घेतला आहे. त्यासाठी लवकरच एक उपसमिती नेमण्यात येईल, इंशाल्ला.”

टाळ्या पडल्या. रेजिना टेबलामागून निघाली आणि खुर्च्यांच्या मधून पुढे चालू लागली. टाळ्या हळूहळू थांबल्या.

“सभेत फक्त सभासदांनी बोलायचं,” चिटणीस गडबडीने उठले.

“असू दे, असू दे,” आलोशियस मंचावरून उदारपणे हसला. “बोलू दे तिला. घरचीच आहे.”

रेजिना माइककडे गेलीच नाही. ती पहिल्या रांगेपाशी थांबली, कमरेचा एप्रन सोडला, त्याची नीट घडी केली आणि ब्रिजिटच्या मांडीवर ठेवली.

“मॅडम,” ती अख्ख्या हॉलला ऐकू जाईल अशा आवाजात म्हणाली, “कपाटाची किल्ली तुमच्या नवऱ्याच्या खिशात आहे. तुमच्या या मोलकरणीचा पासपोर्ट तेवढा काढून द्यायला सांगा त्यांना. आज शुक्रवार आहे, आणि माझी सुट्टी सुरू झाली.”