खिसा

शिवणाच्या कारखान्यात मशीनवरच आईला भोवळ आली, ती पुन्हा उठलीच नाही. तिचा शेवटचा पगार आणायला लेक गेली, तर हिशेबनीस चष्म्यावरून बघत म्हणाले, "ॲप्रन जमा नाही. त्याचे पैसे कापलेत."

"काका, दवाखान्यात तिच्या अंगावरून उतरवलेला ॲप्रन तुमचे मुकादमच घेऊन गेले. आणि माणसाला न विचारता पगार कापता येतो का?"

"विचारलंय ना! नोकरीला लागतानाच सही घेतो आम्ही. नियमाबाहेर एक पैसा कापत नाही, बाळ."

आई कधी कुणाला उलटून बोलली नव्हती. ती डावखुरी, ॲप्रनचा कात्रीचा खिसा उजवीकडे. पण तोसुद्धा तिने कुणाकडे बदलून मागितला नाही. घरी आणून स्वतःच उसवला आणि डावीकडे शिवला. लेकीनेही मनात देवाचं नाव घेतलं आणि मिळाले तेवढे पैसे मुकाट्याने घेतले. घर तर चालायला हवं होतं. "आईच्या जागेवर मी येऊ का, काका?"

"ये की! आपलीच पोर तू." हिशेबनीसांनी कपाटातून धुऊन घडी घातलेला ॲप्रन काढला. "अगदी नवा आहे. याचे पहिल्या पगारातून कापू. कर इथे सही."

तिने सही केली, ॲप्रन अंगात चढवला आणि आपलं पेन ठेवायला उजवीकडे खिसा चाचपला.



खिसा डावीकडे होता.