बारा चमचे

२६ नोव्हेंबर १९६७, संध्याकाळचे सहा. तबकात कडू संत्र्याचा मुरंबा, बारा चमचे: प्रत्येक पाहुण्याला एक. एव्हान्थियाच्या नवऱ्याला, स्तेलिओसला, ज्या संताचे नाव ठेवले होते त्या संताचा सण. अथेन्समध्ये त्याचे आमंत्रण नसते. दार उघडे ठेवायचे, येणारे येतात. लष्करशहांनी नवऱ्याला बेटावर डांबले होते, तरी तिने दार उघडलेच. गल्ली त्याला विसरली नाही, एवढेच तिला पाहायचे होते. “लाव गं दार. नुसता वारा येतोय,” सासू म्हणाली. “आज लावायचं नसतं, आई.” आठ वाजता पावले वाजली. स्तेलिओसला पकडून नेणारा फौजदार टोपी काढून, नावे टिपायची वही घेऊन आत आला. “कोण कोण आलं, बाई?” “तुम्हीच पहिले.” “शेजाऱ्यांनी माझं काम हलकं केलं.” पाहुणा रिकामा धाडण्याची रीत नव्हती; तिने तबक पुढे केले. “स्तेलिओस शतायुषी होवो,” म्हणत त्याने मुरंबा चाखला. दहा वाजता दार लावले. उष्टे चमचे: एक.