तळं भरायच्या आदल्या दिवशी

"चिखल गोठलाय तोवर जाऊन ये," रेनो म्हणाला. "ऊन चढलं की पाय रुतायला लागतील. मग तुला ओढून काढायला ट्रॅक्टर आणावा लागेल."

"तू आधी तुझा गुडघा सांभाळ," आयली म्हणाली आणि तिनं रबरी बुटांत पाय घातले.

नवरा-बायको तळ्याच्या काठावर उभी होती. काठ म्हणायचा एवढंच, कारण तळं जागेवर नव्हतं. उन्हाळा संपून तंबू ठोकून राहणारे पर्यटक आपापल्या घरी गेले, की आमच्या उत्तरेकडे सरकारला राज्य उद्यानाची आठवण होते. यंदा बंधाऱ्याचे दरवाजे बदलायचे म्हणून सगळं पाणी सोडून दिलं होतं. तळं रिकामंच आहे तर पोहण्याच्या जागेपाशी चाकांच्या खुर्च्यांसाठी काँक्रीटचा उतारही करून घेऊ, असं ठरलं होतं. उद्या नवे दरवाजे बंद होणार होते. त्यानंतर तळं पुन्हा रिकामं होईल तेव्हा आयली नसेल, हे सांगायला ज्योतिषी नको होता.

तिला बेटावर जायचं होतं. तळ्याच्या मधोमध थोड्याशा पाइन झाडांचं ते बेट. रेनो दर उन्हाळ्यात सौनाच्या गरम वाफेतून तापून निघायचा आणि पोहत तिथं जायचा. पोरं पोहून आली, नातवंडं पोहून आली. आयलीला मात्र गुडघाभर पाण्यातही धडकी भरायची. ती वाळूवर बसून राहायची. घरात तिला सगळे 'काठावरची आयली' म्हणायचे. तीही त्यांच्याबरोबर हसायची, पण मनाला लागायचंच.

उद्यानाची रखवालदार कोरा उताराच्या कामावर लक्ष ठेवून होती. ती लगबगीनं आली. "काकू, तळ्यात उतरायला बंदी आहे. पाटी वाचली नाहीत?"

"चष्मा घरी राहिला गं."

"नाकावर आहे तो."

"हा लांबचा आहे."

कोरानं एकदा बेटाकडे पाहिलं, एकदा आयलीच्या बुटांकडे. "बरं, मी काही बघितलं नाही. पण जुन्या रस्त्यानंच जा. खाली खडी आहे."

रस्ता खरोखरच होता. बंधारा व्हायच्या आधी तिथं कुणाचं तरी शेत होतं. कुंपणाचे काळे खुंट अजून ओळीनं उभे होते, आणि त्यांच्यावर दंव साचून पांढरं झालं होतं. पायाखाली शिंपले करकर वाजत होते. मागे काँक्रीट कापायचं यंत्र किंचाळत होतं आणि त्याच्यावर आवाज चढवून रेनो ओरडत होता, "डावीकडे जाऊ नकोस! तिकडे खोल आहे!" खोल म्हणजे काय, हे विचारायला आयली थांबली नाही. थोड्या वेळानं त्याचं ओरडणं यंत्राच्या आवाजात बुडून गेलं.

रस्ता उतरत गेला तशी तिनं मान वर केली. इथं डोक्यावर केवढं पाणी असायचं! होड्यांची पोटं वरून सरकत जात असतील. माशांच्या सावल्या या खुंटांवरून फिरत असतील. पोरांचे पाय तिथं, त्या ढगाच्या जरा खाली, हलत असतील. आपण मघापासून श्वास रोखून चाललो आहोत हे तिच्या ध्यानात आलं, आणि तिचं तिलाच हसू आलं. तिनं श्वास सोडला. वाफ वर गेली, वरवर जात राहिली. ती बुडबुड्यासारखी कुठं फुटते ते बघत आयली उगाच थोडी थांबली. भीती वाटत नव्हती. झोपेत चालल्यासारखं वाटत होतं, आणि कुणी उठवू नये असंही.

बेटावर चढताना तिनं मुळांना धरलं. वर एक सपाट दगड होता. बसून बसून गुळगुळीत झालेला. ती त्यावर टेकली आणि खिशातून पास्टी, म्हणजे खिमा भरून भाजलेली मोठी करंजी, काढली. पाइनचा वास येत होता. तिला इतकं बरं वाटत होतं की कुणाला सांगावं हेही सुचेना.

तेवढ्यात पलीकडे कॉफीची वेळ झाली आणि यंत्र बंद झालं. रेनो त्या यंत्राशेजारीच उभा राहून कोराशी बोलत होता, म्हणजे तिच्या कानाशी ओरडत होता. यंत्र थांबलं, रेनो थांबला नाही.

"—भीती वाटते पोरी, मला पाण्याची! पहिल्यापासून! पण बायको बघत बसलेली, मग काय करणार? जायचो! मधेच मान वर काढून तिचा पिवळा झगा शोधायचो. तो दिसला की जिवात जीव यायचा! आज ती तिकडे, आणि इथं माझे हातपाय—"

वारा पडलेला होता. रिकाम्या तळ्यात शब्द न् शब्द वाजला. काठावरचे कामगार हातात पेले धरून तसेच उभे राहिले. कोरानं तोंडावर हात ठेवला. रेनो हळूच बेटाकडे वळला.

आयलीचा पास्टीचा घास तोंडातच राहिला होता. डोळे भरून आले होते.

"आयली!" तो ओरडला. "काही ऐकू आलं का गं तुला?"

आयलीनं घास गिळला. दोन्ही हात तोंडाशी धरले.

"नाही!" ती ओरडली. "एक शब्दसुद्धा नाही!"